मशीन मावतं, बेतणं मावत नाही

बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि ना. म. जोशी मार्ग इथे बांधलेल्या या २०७ इमारतींत कुटुंबांच्या तीन-तीन पिढ्या नांदल्या. अशा खोलीत शिवणाचं मशीन कुठे असायचं, हे तिथे लहानाचं मोठं झालेल्या कुणालाही विचारा. खिडकीखाली. उजेड तिथेच यायचा. ओतीव लोखंडी पायांचं पायमशीन, वर लाकडी फळी. मशीन मिटवून आत टाकलं की त्याच फळीवर मुलांचा अभ्यास, चादर घालून इस्त्री आणि भाद्रपदात गणपतीचं मखरसुद्धा. पायडलवर घरातलं सगळ्यात धाकटं पोर बसलेलं. जागा अडते म्हणून त्या मशीनला कुणी घराबाहेर काढल्याचं ऐकलं नाही.

आता पुनर्विकासात याच रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं मिळतायत. वरळीतल्या पहिल्या काही कुटुंबांना २०२५च्या ऑगस्टमध्ये किल्ल्या मिळाल्या. झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर आधी २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९चं झालं, पुढे ३००चं. घरं वाढत गेली, आणि मशीनची जागा मात्र गेली. खिडकीखाली सोफा आला, भिंतीला टीव्हीचं युनिट चिकटलं, बेडरूममध्ये बॉक्सचा पलंग शिरला. काळाचौकीच्या चाळीतून उपनगरातल्या टॉवरमध्ये गेलेल्या एका काकूंनी सामान हलवताना पायमशीन भंगारात दिलं. त्याचे लोखंडी पाय भंगारवाल्याकडून थेट एखाद्या कॅफेत गेले असणार, काच लावून टेबल म्हणून. त्या टेबलावर कॉफीला जे पैसे पडतात, तेवढेही काकूंना सगळ्या मशीनचे मिळाले नव्हते.

वर्षभरातच त्यांना मशीन पुन्हा हवंसं वाटू लागलं. मुंबईत अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई आता साध्या साडीच्या किमतीशी स्पर्धा करते. जुना ब्लाऊज अर्धा इंच सैल करायचा, नातवाची पॅन्ट आखूड करायची, उशांना अभ्रे शिवायचे, असली कामं तर टेलर हातातच घेत नाही, आणि घेतली तर ‘दिवाळीनंतर या’ म्हणतो. काकूंची मागणी साधी होती: ‘छोटंसं बघा, कपाटात मावेल असं.’

दुकानदार या वाक्यातला ‘कपाटात’ हा शब्द ऐकतो आणि सगळ्यात लहान मशीन पुढे सरकवतो. या लेखात मला म्हणायचंय ते एवढंच, की ते लगेच घेऊ नका. शिवण्याला लागणाऱ्या जागेत मशीनचा वाटा सगळ्यात कमी असतो.

मशीन लहान करण्याची खटपट जुनी आहे. आयझॅक सिंगरने अमेरिकेत १८५१ साली पेटंट घेतलं. पुढच्या काही दशकांत त्याच्या कंपनीचं मशीन हिंदुस्थानात आलं आणि मुंबईच्या नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थाने त्या धंद्याचा इथला पसारा उभा केला. हप्त्याने वस्तू घ्यायची सवय आपल्याला लावण्यात या मशीनचा मोठा हात आहे. गांधीजी यंत्रांच्या विरोधात बोलत, पण १९२४ साली एका संवादात त्यांनी सिंगरच्या मशीनला मोकळ्या मनाने अपवाद केलं. बायकोचे कष्ट बघवेनात म्हणून सिंगरने ते केलं, अशी त्यांची समजूत होती. सिंगरचे खरे संसार एकाहून जास्त, मुलं वीसहून जास्त. पण अपवाद टिकला, आणि बरं झालं. १९३०च्या दशकात कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने ‘उषा’ काढलं, आणि पुढे लुधियानाच्या कारखान्यांमुळे काळं देशी मशीन लग्नाच्या आहेरात सर्रास दिसू लागलं.

लहान घरांसाठी म्हणून खरा विचार झालेली दोन मशीनं मला इथे सांगायची आहेत. पहिलं सिंगरचं २२१ नंबरचं, ‘फेदरवेट’. हे १९३३ साली आलं. लोखंडाऐवजी ॲल्युमिनियमचं शरीर, डावीकडची फळी घडी घालून वर उचलता येणारी, वजन साधारण ५ किलो. ते फक्त सरळ टीप घालायचं, झिगझॅग नाही, काही नाही. तरी गोधड्या शिवणाऱ्या बायका अमेरिकेत ते आजही शोधून-शोधून विकत घेतात. दुसरं स्वित्झर्लंडच्या ‘एल्ना’चं, १९४० सालचं, हिरव्या रंगाचं. त्याची पत्र्याची पेटी उघडून मशीनभोवती बसवली की पेटीचंच टेबल व्हायचं. शिवाय त्याचा खालचा भाग दंडासारखा मोकळा होता, त्यावर बाही नाहीतर पॅन्टचा पाय ओवून गोल फिरवता यायचा. ज्याने ते केलं त्याच्या लक्षात आलं होतं की लहान घरात नुसतं लहान मशीन देऊन भागत नाही, कापड टेकायला सपाट जागाही बरोबर द्यावी लागते. आजच्या खोक्यांवर बारा-पंधरा प्रकारच्या टाक्यांची चित्रं असतात, पण ही अक्कल क्वचितच दिसते.

आता आजच्या बाजारात या.

सगळ्यात स्वस्त म्हणजे हातात धरून स्टेपलरसारखं दाबायचं मशीन. ते एकाच दोऱ्याने साखळीटाका घालतं. तांदळाच्या पोत्याचं तोंड ज्या टाक्याने शिवलेलं असतं, तोच हा. बरोबर टोक सापडलं की एका ओढीत सगळं उसवतं. पोत्याला ते सोयीचं आहे. ब्लाऊजच्या कडेला हे लग्नाच्या हॉलमध्ये घडलं तर काय, याची कल्पना करा. हे घेऊ नका. यावर आणखी शब्द खर्च करत नाही.

त्याच्या वर ‘मिनी’ मशीन: पांढरं-जांभळं, वीतभर, वजन किलोच्या आसपास, अडॉप्टरवर किंवा चार पेन्सिल सेलवर चालणारं. किंमत हजारापासून अडीच हजारापर्यंत. हे वर-खाली दोन दोऱ्यांचा खरा टाका घालतं, म्हणून मी त्याला खेळणं म्हणणार नव्हतो. मग ठाण्यातल्या एका दुकानात त्याच्यासमोर बसलो. सुती रुमालाची कड त्याने बरी शिवली. मग टू-बाय-टू रुबियाचे चार पदर दिले. मोटरचा आवाज बदलला, दोन टाके सुटले, तिसरा पडला. जीन्सच्या पॅन्टच्या तळाशी दुमडून जिथे बाजूची जाड शिवण येते तिथे सुई आत गेली आणि तिथेच थांबली. मशीन मात्र थांबलं नाही. ते कापडासकट माझ्याकडे सरकायला लागलं. दुकानातल्या मुलाने डाव्या हाताने त्याला दाबून धरलं आणि म्हणाला, ‘साहेब, हे असं धरायचं असतं.’ त्याच्या तोंडावरची रेषही हलली नाही.

यात त्या मशीनचा दोष नाही, वजनाचा प्रश्न आहे. सुई जाड कापडात घुसते तेव्हा तेवढाच धक्का मशीनला उलटा बसतो. काळ्या देशी मशीनचं नुसतं डोकं १०-१२ किलोचं असतं आणि त्याचं जड हातचाक फिरता-फिरता ताकद साठवून ठेवतं. तो धक्का ते गिळतं. किलोभराचं मशीन तो गिळणार कुठे? टीप वाकडी होते ती शिकणाऱ्याच्या हातामुळे कमी आणि हलणाऱ्या मशीनमुळे जास्त. नवशिक्याला मात्र वाटतं, आपल्याला जमत नाही. शिवण सोडून देणाऱ्या कितीतरी मुली अशा मशीनपायी सोडतात. शाळेतल्या मुलीला दिवाळीत ‘शिकायला म्हणून’ मिनी मशीन भेट देणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

मधला वर्ग खरा. विजेवरची झिगझॅग मशीनं, उषा-जानोमे, सिंगर, ब्रदर यांची आणि आता इतरांचीही. वजन ५ ते ७ किलो. लांबी ४० सेंटीमीटरच्या आसपास, रुंदी १८-२०, उंची ३०. म्हणजे कपाटातला शाळेच्या दप्तराचा एक कप्पा रिकामा झाला की मावतात. मोटर साधारण ६० ते ८५ वॅटची, वेग मिनिटाला ५०० ते ८५० टाके. किंमत नऊ-दहा हजारापासून पुढे पंधरा-अठरा हजारापर्यंत. ही मशीनं आतून लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर आणि बाहेरून प्लॅस्टिकमध्ये असतात. नीट वापरलं तर घरातलं सगळं शिवून होतं. छोट्या घरासाठी ‘लहान’ म्हणावं ते इतपत. याखाली उतरू नये.

टाक्यांच्या संख्येला भुलू नका. सात असोत की सत्तावीस, घरात वापरात येतात ते चारच: सरळ टीप, झिगझॅग, शिवणीच्या कडा सुटू नयेत म्हणून घालायचा कडेचा टाका, आणि काज. साडीला पिको करायचा असेल तर त्यासाठीचा गुंडाळीचा फूट लागतो. तो बरोबर येतो की वेगळा घ्यावा लागतो, हे विचारा. बाजारातली पिकोवाली जड, कामाचं झिगझॅग मशीन वापरते. तिच्याइतका चकचकीत पिको घरच्या मशीनवर पहिल्या साडीला येणार नाही, पाचव्या-सहाव्या साडीला येईल. फॉलचं बरं आहे: खालची कड मशीनवर, वरची हाताने. वरची कडही मशीनवर मारली तर साडीवर बाहेरून रेघ दिसते, आणि ती रेघ सासूला सुनेआधी दिसते.

कंप्युटराइज्ड मशीनबद्दल थोडक्यात. २५ हजाराच्या पुढे जातात, भरतकामाची तर त्याहून पुढे. छोट्या घरासाठी त्यांत एकच गोष्ट मोलाची: अनेकांना पायाच्या पेडलशिवाय बटण दाबून चालू-बंद करता येतं. जमिनीवर पाट मांडून शिवणाऱ्यांना किंवा गुडघे दुखणाऱ्यांना हे वरदान आहे. तेवढ्यासाठी एवढे पैसे मोजायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

बॉबीन पुढून घालायची की वरून, यावर शिवणाऱ्यांत तट आहेत. वरून टाकायच्या बॉबीनवर पारदर्शक झाकण असतं, दोरा किती उरला ते दिसतं. शिवाय बहुतेक अशा मशीनांत हुक एकाच दिशेने गोल फिरतं, म्हणून आवाज कमी. पुढून घालायच्या मशीनमध्ये शटल प्रत्येक टाक्याला पुढे जातं नि मागे येतं, त्यामुळे थरथर जास्त. नवशिक्याला वरची बरी. गिरगावातले एक दुरुस्ती करणारे मिस्त्री मात्र पुढच्याच बाजूचे. ‘लोखंडी केस आहे, स्क्रू फिरवला की टेन्शन बसतं. पडली, बिघडली तर बाजारात कुठेही मिळते. वरच्याचं प्लॅस्टिक एकदा सुईने खरवडलं की दोरा अडकत राहणार आणि तुम्ही माझ्याकडे येत राहणार.’ त्यांच्या धंद्याच्या विरोधातलं हे बोलणं मी म्हणूनच जास्त गंभीरपणे घेतलं. बॉबीनी दोन्हीकडच्या दिसायला सारख्या, उंचीत मात्र मिलिमीटरभराचा फरक असू शकतो. शेजारणीकडून उसनी आणलेली बॉबीन घालू नये.

दुकानात डेमो द्यायला माणूस स्वतःचं कापड घेऊन बसतो. कडक, खळ घातलेला, मधल्या जाडीचा सुती तुकडा. त्याच्यावर कुठलंही मशीन देखणं शिवतं. तुम्ही तुमचे तुकडे न्या: जुन्या जीन्सचा तळ, शिफॉनच्या ओढणीची कड, लेगिंगचं ताणणारं कापड, रुबिया. दोरा स्वतः ओवा, आणि ओवताना फूट वर उचललेला असू द्या. नव्या मशीनमध्ये फूट खाली असताना टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्यामध्ये न बसता वरून जातो आणि मग कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जंजाळ होतं. बिघाड खाली दिसतो, त्याचं कारण मात्र वर असतं. ‘मशीन खराब निघालं’ म्हणून परत आणलेल्यांत या एका चुकीची बरीच असतात, असं दुकानदारही सांगतात.

जीन्सवर वेग कमी ठेवून बघा. पेडल हलकं दाबलं की मशीन नुसतं गुणगुणतं आणि जोरात दाबलं की एकदम उधळतं, असं असेल तर ते नवशिक्यासाठी नाही. जाड शिवणीवर चढताना फूट पुढून वर उचलला जातो आणि टाके बारीक होऊन तिथेच साचतात; फुटाच्या मागच्या बाजूला तेवढ्याच जाडीची पुठ्ठ्याची घडी सरकवली की फूट समपातळीत येतो आणि मशीन गुमान पुढे जातं. ही युक्ती करून पाहा. तरीही अडलं तर हातचाक आपल्याकडे फिरवत चार टाके हाताने काढा. तेही जमत नसेल तर मशीन बदला. शिफॉन सुईच्या भोकात ओढलं जातं का, ते पाहा. त्यासाठी ११ नंबरची सुई मागा. सुती कापडाला १४, जीन्सला १६, आणि लेगिंग-टीशर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाला बोथट टोकाची. आपल्याकडे सुई मोडेपर्यंत बदलत नाहीत. गिरगावचे मिस्त्री म्हणाले, ‘दहातली सहा मशीनं माझ्याकडे येतात ती सुईसाठी. मी वीस रुपयांची सुई बदलतो आणि दीडशे घेतो. काय करू, सांगून ऐकत नाहीत.’

घरी आणलं. आता ठेवायचं कुठे? माळ्यावर नाही, ६ किलोचं खोकं डोक्यावरून उतरवणारी बाई दुसऱ्यांदा उतरवत नाही. बॉक्सच्या पलंगात तर अजिबात नाही. गादी उचला, फळी उचला, नवऱ्याला उठवा. तिथे गेलेलं मशीन पुढच्या घरबदलालाच बाहेर येतं. कमरेच्या उंचीचा कप्पा रिकामा करा, डबे वर जाऊ देत. सुईत दोरा ओवलेला, पेडलची वायर गुंडाळून बाजूला, आणि काढल्यापासून पहिला टाका पडेपर्यंत पाच मिनिटांहून जास्त लागणार नाहीत अशी व्यवस्था. पाच मिनिटांत बसता आलं तर उसवलेली बाही आजच शिवली जाते. अर्धा तास लागणार असेल तर ती टेलरकडे जायच्या पिशवीत जाते आणि पिशवी दाराच्या खुंटीवर महिनाभर राहते.

जेवणाच्या टेबलावर मशीन मांडणाऱ्यांना आठवड्याभरात खांदे दुखायला लागतात. जुन्या पायमशीनमध्ये डोकं फळीत बसवलेलं असायचं, कापड फळीच्या पातळीवर चालायचं. टेबलावर ठेवलेल्या मशीनची पातळी सात-आठ सेंटीमीटर वर येते आणि हात उचललेले राहतात. टेबल कापता येत नाही. खुर्चीवर जाड उशी घ्या आणि पाय टेकायला पाट. जमिनीवर बसायची सवय असेल तर चौरंग उत्तम, फक्त पेडलचं काय करायचं ते ठरवा. मोझॅक लादीवर पेडल पळतं. खाली रबराचा तुकडा लागतो.

भिंतीला बिजागरीवर दुमडणारी फळी ही सध्याची आवडती युक्ती. दिसायला छान, पण मशीनची थरथर सरळ भिंतीत जाते, आणि भिंतीच्या पलीकडे शेजाऱ्यांचा पलंग असतो. रात्री दहानंतर, मुलं झोपल्यावर शिवायला बसणाऱ्यांना हे महागात पडतं. चार पायांचं भक्कम टेबल आणि मशीनखाली जुन्या योगा-मॅटचा कापलेला तुकडा, याने आवाज निम्मा वाटतो. घडीचं हलकं प्लॅस्टिकचं टेबल मात्र टाळा. त्यावर ६ किलोचं मशीनही मिनी मशीनसारखं वागतं.

एवढं सगळं जमलं, तरी खरा जागेचा प्रश्न अजून सुरूच झालेला नाही. तो बेतण्याचा.

शिवायला दोन फूट बाय दीड फूट पुरतं. साध्या कुर्त्याला अडीच मीटर कापड लागतं, परकराला दोन-सव्वादोन, पडद्याचं तर बोलायलाच नको. ते सरळ पसरायचं, उभा-आडवा धागा बघायचा, मापं टाकायची, खडूने आखायचं, शिवणीला जागा सोडायची आणि कापायचं. याला सपाट, कडक, निदान सहा फूट लांब जागा लागते. पलंगावर बेतलं तर गादी दबते, खडूची रेघ लाटेसारखी जाते आणि कात्री चादरीसकट चालते. चाळीत ही जागा खोलीत कधीच नव्हती. ती होती गॅलरीत. दुपारी पुरुष कामावर, मुलं शाळेत. बायका गॅलरीच्या फरशीवर कापड पसरून गुडघ्यांवर बसायच्या, आणि शेजारची येता-जाता ‘गळा जरा खोल घे’ म्हणून सल्ला देऊन जायची. माप चुकलं तर तिथेच कळायचं. गिरणगावात १९८२च्या गिरणी संपानंतर घराघरांतून जे शिवणकाम वाढलं ते या फरशीवर वाढलं. टॉवरमधल्या लॉबीत कापड पसरलं तर सोसायटीचा सुरक्षारक्षक येतो. घर मिळालं ते पाचशे फुटांचं, पण सामाईक फरशी गेली, आणि कुठलंही लहान मशीन ती भरून काढत नाही.

त्यावर निघालेले तोडगे मी पाहिलेत ते असे. डोंबिवलीतल्या एका ताईंनी तीन फूट बाय चार फुटांची पातळ प्लायची फळी करून घेतलीय. एरवी ती कपाटामागे उभी असते, बेतायच्या दिवशी पलंगावर आडवी होते. त्यांनी घरातल्या प्रत्येकाच्या ब्लाऊज-कुर्त्याचं खाकी कागदावर एकदा कटिंग करून ठेवलंय, वर नाव आणि तारीख. कागद ठेवायचा, खडूने कडेने फिरायचं, कापायचं. दर वेळी मापं टाकायला जागा लागत नाही. मुख्य म्हणजे त्या बेतायचा दिवस आणि शिवायचे दिवस वेगळे ठेवतात. रविवारी सकाळी चार गोष्टी एकदम बेतून, प्रत्येकीचे तुकडे टाचणीने एकत्र लावून पिशवीत. मग आठवडाभर रोज रात्री अर्धा तास मशीन. बेतणं आणि शिवणं यांच्या जोडीला तिसरा भिडू इस्त्री. प्रत्येक शिवण दाबल्याशिवाय पुढची घालू नये असं शिवणक्लासात शिकवतात. त्यासाठी मशीनशेजारी दुमडलेली घोंगडी पुरते, टेबल लागत नाही.

म्हणून मशीन बघायला निघण्याआधी घरातली बेतायची जागा मोजा. ती दोन फुटांचीच असेल, तर तुम्ही मुख्यतः दुरुस्त्या, अभ्रे, फॉल-पिको असंच करणार. साधं ५ किलोचं मशीन बास, कापड टेकायची सुटी जोडपाटी नको. ती सहा फुटांची असेल तर पडदे, गोधड्या, कुर्ते निघतील. मग सुई आणि उजव्या खांबामधलं अंतर मोजा, कारण गोधडीची गुंडाळी त्याच फटीतून जायची असते. लहान मशीनांत ही फट वीतभरापेक्षा कमीच. तेवढ्यात डबल बेडची गोधडी कोंबताना जो संताप होतो तो पाहिला म्हणून सांगतो.

देखभालीचं फार नाही, पण आपल्याकडच्या दोन सवयी मशीनला मारतात. एक खोबरेल तेल. हिवाळ्यात ते थिजतं, एरवी धुळीत मिसळून चिकट होतं आणि मशीन जड चालायला लागतं. मशीनचं पातळ पांढरं तेलच घाला, तेही ज्या मशीनच्या पुस्तिकेत घालायला सांगितलंय त्यातच. दुसरी सवय पावसाळ्यात मशीन उघडं ठेवायची. मुंबईत आणि कोकणात जुलैत सुईवर चार दिवसांत गंज दिसतो, आणि त्या गंजाचा पहिला डाग पांढऱ्या कापडावरच पडतो. बॉबीनखालचा कापसासारखा भुगा ब्रशने काढत जा; फुंकर मारू नका, तोंडातली वाफ आत जाते. रात्री झाकण घाला, झुरळांना मोटरची ऊब फार आवडते.

परदेशातली लेक किंवा भाचा ‘तिकडे स्वस्त मिळतं’ म्हणून मशीन आणणार असेल तर त्याला आधी थांबवा. अमेरिकेतलं मशीन ११० व्होल्टवर चालतं. आपल्याकडे २३० आहेत. नुसती पिन बदलून लावलं की धूर येतो. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर घ्यावा लागतो. तो स्वतःच दीड-दोन किलोचा लोखंडी गोळा असतो, त्याला आणखी एक कप्पा.

आणि ते काळं मशीन? भंगारात घालण्याआधी त्याचा एकदा विचार करा. लोखंडी पाय द्या हवे तर, डोकं ठेवा. लाकडी बैठकीवर बसवून बाजूला दांडा लावला की ते हातमशीन होतं, वीज लागत नाही. आणि तेच डोकं बाजूला छोटी मोटर आणि पेडल बसवून विजेवर चालतं. मोटरचा खर्च दोन-तीन हजारात बसतो. ते फक्त सरळ टीप घालेल, पण जीन्स, गोधडी, पिशव्यांचा जाड कॅनव्हास, काहीही शिवेल, आणि सुटे भाग गल्लीत मिळतील. १०-१२ किलो उचलणं रोजचं काम नाही, म्हणून त्याला कायमची जागा लागते. दीड फूट बाय पाऊण फूट. जुनं विकत घेत असाल तर हातचाक हाताने पूर्ण फिरवा. कुठे अडतं का, आणि चाक पकडून पुढे-मागे हलवल्यावर सुई हलायच्या आधी सैल फिरतं का, एवढं पाहा. दाते झिजलेले असतील तर कापड पुढे सरकणार नाही. बोट फिरवून धार कळते. सुईची चपटी बाजू इथे आडवी येते, नव्या झिगझॅग मशीनवर मागे. हे उलटं झालं की टाका पडतच नाही आणि लोक मशीनला नावं ठेवतात.

हे सगळं घरच्या शिवणाबद्दल. बाहेरची कामं घेऊन चार पैसे मिळवायचा विचार असेल तर लहान मशीन घेऊ नका. दिवसाला दहा ब्लाऊज ५ किलोच्या मशीनला झेपत नाहीत. मोटर तापते, प्लॅस्टिकचे दाते असलेली चाकं झिजतात. टेलर वापरतात ते जड ‘अंब्रेला’ मशीन घ्या आणि जागेचा बंदोबस्त आधी करा. प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत, जी १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, शिंपीकाम हा १८ व्यवसायांपैकी एक आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर, प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये आणि दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत ५ टक्क्यांनी कर्ज मिळतं. ‘सरकार सगळ्या महिलांना मोफत शिलाई मशीन देतंय, या लिंकवर आधार नंबर भरा’ असा जो निरोप दर काही महिन्यांनी फोनवर फिरतो, तो खोटा असल्याचं पीआयबीच्या तथ्यतपासणी विभागाने जाहीर केलेलं आहे. तो मैत्रिणींच्या ग्रुपवर पुढे पाठवू नका. विश्वकर्माची नोंदणी गावात असो वा शहरात, कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये होते.